शंभर नंबरचा बदली

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांनंतर मी आबांचं नाव घेतो. हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं होतं. पण परळच्या आमच्या नाट्यगृहात त्या नावाने हाक मारली तर ते वळून बघत नसत. आबा म्हटलं तरी पुष्कळदा बघत नसत, कारण त्यांना ऐकू फार कमी येई. आणि ते नाट्यगृहाचे ध्वनिचालक होते.

हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नाही. मी सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन आबांच्या हाताखाली तात्पुरता मदतनीस म्हणून आलो होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील पंचायत समितीत शिपाई. आल्या आल्या मी आबांपुढे उभा राहिलो आणि खाली मान घालून, पाठ केल्यासारखी, आपली सगळी माहिती सांगितली. त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांनी वर उचलली.

"वर बघून बोल रे झिला. तुझो आवाज माका दिसना नाय."

मला वाटलं, कोकणातली काहीतरी म्हण असेल. दोन दिवसांनी कळलं की ती म्हण नव्हती. संपाच्या आधी आबा डिलाईल रोडजवळच्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. शेकडो माग एका छपराखाली एकदम चालत. त्या खात्यातल्या माणसांचे कान काही वर्षांत जात आणि त्या बदल्यात डोळे तयार होत. समोरच्याचे ओठ आणि बोटं बघून ते लांबून गप्पा मारत, थट्टा करत, मुकादमाला शिव्याही देत, आणि मुकादम त्यांच्यातूनच वर आलेला असल्यामुळे त्याला त्या कळत.

संप लांबला, गिरणी परत उघडली नाही. आबा कुठल्याशा मंडळाच्या लाउडस्पीकरवर काम करता करता नाट्यगृहात आले आणि रोजंदारीवर राहिले. रोजंदारीवरच म्हातारे झाले.

ऐकू न येणारा माणूस नाटकाचा आवाज कसा सांभाळतो, हे मी कितीतरी प्रयोग शेजारी बसून पाहिलं, तरी नीट सांगता येणार नाही. डावा तळहात ते समोरच्या लाकडी कठड्यावर ठेवत. डोळ्यांना लावायला एक छोटी दुर्बीण होती, चोरबाजारातली. त्यातून नटांचे ओठ बघत आणि उजव्या हाताने कन्सोलच्या दांड्या वरखाली करत. संवाद मागच्या रांगेपर्यंत पोचतोय का, हे कळायला ते मागे वळून प्रेक्षकांच्या माना बघत. माना पुढे आल्या की आवाज कमी आहे. मी कानाने ऐकून काही सुचवलं तर म्हणत, "मेल्या, तू ऐकतंस म्हणान चुकतंस."

जुने नट मेकअपच्या खोलीतूनच विचारत, "आबा बसलेत ना?" बसलेत म्हटलं की पुढचं काही विचारत नसत.

माईक तपासताना सगळे 'हॅलो, हॅलो, वन टू थ्री' म्हणतात. आबा म्हणत, "चारशे अठरा, चारशे एकोणीस, चारशे वीस, चारशे एकवीस." सावकाश, प्रत्येक माईकपाशी जाऊन. ते त्यांच्या चार साच्यांचे नंबर होते. मी एकदा विचारलं, तुम्ही तिथे किती वर्षं होतात? म्हणाले, "संपापर्यंत. बदलीच होतंय शेवटपर्यंत."

मी सहानुभूतीने मान हलवली. आमच्या घरी 'बदली' हा शब्द रोजचा होता. साहेबांची बदली झाली, ग्रामसेवकाची रद्द झाली, मास्तरांनी बदलीसाठी कोणाला गाठलं, वडील जेवताना दुसरं काही बोलतच नसत. मला वाटलं, बिचाऱ्याला या गिरणीतून त्या गिरणीत सारखं फिरवलं असेल. हा माझा समज मी अडीच वर्षं बाळगला.

आबांनी मला राहायला जागा मिळवून दिली, त्यांच्याच चाळीत, एका कोकणी खानावळवाल्या बाईंच्या माळ्यावर. मासे खायला शिकवलं. सोल्डरिंग मला कॉलेजात शिकवलं होतं, ते त्यांनी विसरायला लावून पुन्हा शिकवलं. कायम तंत्रज्ञाची एक जागा निघाली तेव्हा अर्ज मी करत नव्हतो, कारण मला इंग्रजी मुलाखतीची भीती वाटायची. आबा मला शर्टाच्या बाहीला धरून कार्यालयात घेऊन गेले आणि साहेबांना, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांना म्हणाले, "ह्याका कायम करा. माझ्या वळखीचो एक तरी माणूस कायम होऊ दे."

साहेब हसले. अर्ज घेतला.

मग डिजिटल कन्सोल आलं. जुन्या लांबलचक टेबलाच्या जागी एक आटोपशीर यंत्र, मध्ये पडदा. स्टेजवर एक डबा बसवला. सगळे माईक त्या डब्यात जोडायचे आणि डब्यातून एकच वायर मागे आमच्यापर्यंत यायची. कुठला माईक कुठल्या स्पीकरला जायचा, किती जायचा, हे सगळं यंत्रात साठवून ठेवता येई. त्या साठवणीला प्रीसेट म्हणतात. एकूण शंभर जागा.

सगळ्यांना वाटलं आता आबांचं संपलं. आबांनी पहिले दोन दिवस यंत्राला हातच लावला नाही. नुसते समोर बसून राहिले. "नव्या माणसाक येताच कामाक लावूचा नसता," म्हणाले. तिसऱ्या दिवशी शिकायला लागले आणि महिनाभरात माझ्यापेक्षा भराभर चालवू लागले. मराठी अक्षरं त्या यंत्राला येत नव्हती. आबा इंग्रजी अक्षरांत मराठी नावं द्यायचे. भरलेल्या सभागृहासाठी 'गर्दी'. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो, त्यासाठी 'ओसाड'. मुख्य नटाचा घसा बसलेला असेल तर 'घसा'. माईक तोंडात घालून बोलणाऱ्या पाहुण्यांसाठी 'मंत्री'. आणि सगळ्यात शेवटी, शंभर नंबरला, 'बदली'.

यंत्राच्या काळ्या कडेला ते पांढऱ्या खडूने खुणा करत. साहेबांना ते खपत नसे. "आबा, लाखोंची वस्तू आहे ही, शाळेची पाटी नाही."

"म्हणानच खडू लावलंय. पाटी आसती तर लिवलंय नसतंय."

साहेब गेल्यावर आबा मला सांगत, गिरणीत पाळी सुटताना येणाऱ्या माणसाला साचा सांगून द्यायची पद्धत होती. या साच्याचा धागा डावीकडे तुटतो, त्याचा पट्टा ऊन वाढलं की घसरतो. खोड खडूने लिहायची आणि तोंडानेही सांगायची. "साचो न सांगता घराक गेलो तर येणाऱ्याचो हात जाता," ते म्हणत. "खोड लपवची नाय. आपली असली तरी."

कंपनीने यंत्रासाठी नवीन फर्मवेअर काढलं. म्हणजे यंत्राच्या आतली मूळ आज्ञावली बदलायची. ती पेनड्राइव्हवर घ्यायची, यंत्राला लावायची, पडद्यावरची पट्टी भरेपर्यंत वीज जाऊ द्यायची नाही. मंगळवारी नाटक नव्हतं आणि आबांची सुट्टी होती. साहेब म्हणाले, "तू करून टाक. आणि ती गावठी नावं तेवढी नीट कर. उद्या बाहेरचा ऑपरेटर आला तर त्याला काय कळणार, ओसाड म्हणजे काय?"

माझ्या कायम होण्याचा कागद तेव्हा साहेबांच्या टेबलावर होता. पण खोटं कशाला सांगू, मला ते काम मनापासून आवडलंही होतं. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की अपडेटच्या आधी नको असलेले प्रीसेट काढून टाकावेत. मी एकेक घेतला, स्वच्छ इंग्रजी नाव दिलं. 'गर्दी'चं फुल हाउस झालं, 'ओसाड'चं एम्प्टी हॉल. 'मंत्री'चं चीफ गेस्ट करताना मला स्वतःचं कौतुक वाटलं. शेवटी शंभर नंबरला आलो. बदली. आमच्याकडे पूर्वी एक ऑपरेटर होता, त्याची उपनगरातल्या सभागृहात बदली झाली होती. मी समजलो, त्याचं काहीतरी राहिलं असेल. उघडून पाहिलं तर त्यात स्टेजवरच्या डब्यातला एकही माईक नव्हता. दोनच वायरी, त्याही यंत्राच्या पाठीमागच्या जुन्या पद्धतीच्या खाचांतून आलेल्या. निरुपयोगी. मी तो पुसला.

फर्मवेअरसाठी पेनड्राइव्ह कोरा करून घ्यावा लागतो. खणात एकच होता, त्याला सुताचा तांबडा धागा बांधलेला. मी तो कोरा केला. त्यात आबांनी जुन्या सगळ्या प्रीसेटची नक्कल ठेवली होती, हे मला नंतर कळलं. बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

बुधवारी आबा आले. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या फुल हाउस म्हणजे काय?"

"गर्दी, आबा."

"मगे गर्दीत काय वायट होता?" पण नावं त्यांनी तासाभरात पाठ केली. मग विचारलं, "सगळा पयल्यासारखा आसा मा?"

"हो आबा. सगळं बघून घेतलंय."

शंभर नंबरपर्यंत ते गेले नाहीत. बदलीकडे गरज पडेपर्यंत कोणी बघत नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी सभागृहात जुन्या गिरणी कामगारांची सभा होती. घरांसाठी कोणाकोणाचे कागद पुरे आहेत, त्यांची नावं वाचून दाखवायची होती. ज्याचं नाव येईल त्याने हात वर करायचा आणि खाली येऊन सही करायची. सभागृह भरलं होतं. काठ्या, चष्मे, प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट गुंडाळलेले कागद. कोणी कणकवलीहून आलं होतं, कोणी साताऱ्याहून. नवरा गेलेल्या कितीतरी बाया होत्या. त्या माणसांना दुसरं काहीही नको होतं, फक्त एक नाव ऐकायचं होतं.

पाऊण तास झाला असेल. एका नावाच्या मध्येच आवाज गेला. वाचणाऱ्या गृहस्थांचे ओठ हलत राहिले. आबांनी कठड्यावर हात ठेवला, पडद्यावरचे मेलेले पट्टे बघितले, स्टेजवरच्या डब्याचा लाल दिवा बघितला. मला उमगलं. फर्मवेअर मी यंत्रात नवं घातलं होतं, डब्यात जुनंच राहिलं होतं. दोघांनी जमेल तेवढं एकमेकांशी जमवून घेतलं आणि मग तोडलं.

आबा घाबरले नाहीत. त्यांनी बोट सरळ शंभर नंबरवर नेलं. तिथे रिकामी चौकट होती.

ते माझ्याकडे वळले. आवाज न काढता त्यांचे ओठ हलले. "खंय गेलो?" कुठे गेला?

"अपडेटमध्ये गेला असेल," मी म्हणालो.

ते माझ्या तोंडाकडे थोडा वेळ बघत राहिले. त्यांच्याशी खोटं बोलणं अवघड होतं. आपण आवाज सांभाळला तरी ओठ सांभाळता येत नाहीत.

डब्यातही नवं फर्मवेअर घालायला मी लॅपटॉप घेऊन स्टेजकडे पळालो. आबाही उठले आणि मधल्या वाटेने सावकाश चालत स्टेजवर आले. सभागृहात गलका सुरू झाला होता. माझं नाव गेलं का, पुन्हा वाचा, मागचं ऐकू आलं नाही. आबा वाचणाऱ्या गृहस्थांच्या शेजारी उभे राहिले, यादी त्यांच्या हातातून घेतली, सभागृहाकडे तोंड केलं आणि पहिलं नाव ओठांनी उच्चारलं. आवाज नाही. बोटांनी खात्याची खूण, गिरणीची खूण.

डाव्या बाजूच्या रांगा एकदम शांत झाल्या. कोणीतरी म्हणालं, "अरे, साचेवालो आसा हो." मागून आठव्या-नवव्या रांगेतला एक हात वर गेला. आबांनी मान हलवली. दुसरं नाव. दुसरा हात.

उजवीकडून एक म्हातारा ओरडला, "अहो, मोठ्यानं वाचा की, आम्हाला काय कळतंय?"

डावीकडून उत्तर आलं, "तुम्ही सूत खात्यातले. तुमचे कान शाबूत आहेत, तुम्हाला कसं कळणार?"

लोक हसले. मग साचेवाले शेजाऱ्यांना नावं सांगू लागले, एका रांगेतून दुसरीकडे. मी डब्याशेजारी गुडघ्यांवर बसून पडद्यावरची पट्टी भरताना बघत होतो आणि माझ्या डोक्यावरून ती नावं जात होती. एका बाईंना शेजारच्या माणसाने सांगितलं, "वहिनी, तुमच्या ह्यांचं नाव घेतलं." त्या उठल्या नाहीत. पुन्हा सांगितल्यावर उठल्या.

पंचवीस मिनिटांनी आवाज आला. आबांनी यादी परत दिली आणि कन्सोलवर जाऊन बसले. यादीत त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं. ते तिथे होते असं दाखवणारा कागदच त्यांच्याजवळ नव्हता. तेव्हा मी पहिल्यांदा नीट विचारलं, बदली म्हणजे काय, आणि त्यांनी सांगितलं. गिरणीत कायम कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर ज्याला उभं करत तो बदली. सकाळी दारावर जाऊन थांबायचं, कोणी आलं नाही तर आत. त्या दोन वायरी जुन्या काळातल्या होत्या, आबांनी स्वतः स्टेजच्या फळ्यांखालून टाकलेल्या, दोन साध्या माईकना जोडलेल्या. डबा बंद पडला की त्यांच्यावर काम चालावं म्हणून. "कायमवालो इलो नाय, तर बदलीन साचो चालवचो," ते म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अहवाल पुढे ठेवला. "भर कार्यक्रमात कन्सोल सोडून स्टेजवर जातो माणूस. खुणा काय करतो. वरून फोन आला मला. तांत्रिक बाजू तुझी आहे, तू सही कर."

अहवालात दोन वाक्यं होती. फर्मवेअरचे अद्ययावतीकरण पूर्ण झाले आहे. बिघाडाच्या काळात ऑपरेटर आपल्या जागेवर नव्हते. दोन्ही खरी होती. मी सही केली.

रोजंदारीच्या माणसाला काढून टाकावं लागत नाही. पुढच्या महिन्याच्या पाळीपत्रकात आबांचं नाव आलं नाही, एवढंच. माझा कागद त्याच आठवड्यात आला. खानावळवाल्या बाईंनी माझ्या नावाने साखर वाटली. आबांनी दोनदा घेतली.

महिन्याचे तीन दिवस राहिले होते. ते तीन दिवस आबा वेळेवर आले आणि त्यांनी मला सबंध सभागृह सांगून दिलं. बाल्कनीच्या उजव्या कोपऱ्यात आवाज कुठे मरतो. तिसऱ्या विंगेतली कुठली पट्टी पावसाळ्यात फुगते आणि वायर दाबते. कुठल्या नटाला आपला आवाज आपल्याला मोठा ऐकू आला नाही की तो घाबरतो. हातात खडू, मागे मी वही घेऊन. मी दर तासाला ठरवत होतो, आता सांगू. बाल्कनीत ठरवलं, विंगेत ठरवलं, रंगपटातल्या आरशासमोर तर तोंडही उघडलं होतं. आबा थांबले, माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"काय?"

"काही नाही, आबा. चहा घेऊ या का?"

"घेऊया," म्हणाले आणि खडू खिशात ठेवला.

मग ते गावी गेले. दरवर्षी कोणाबरोबर तरी आमसुलांची पुडी पाठवायचे. मी दिवाळी अंक पाठवायचो. वर्षं गेली. मी थकलो म्हणावं असं माझं वय नाही, पण त्या खुर्चीत बसलं की थकायला व्हायचं. या महिन्यात दुसऱ्या सभागृहात जाण्याचा माझा हुकूम आला आणि माझ्या जागेवर एक नवीन मुलगी रुजू झाली. तिला काम समजावून दिलं त्या संध्याकाळी मी आबांना पत्र लिहिलं. त्यांच्याशी फोनवर बोलता येत नाही. पत्र असं होतं.

तीर्थस्वरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझी बदली झाली आहे. आमच्याकडची बदली, तुमच्याकडची नव्हे. सोमवारपासून मी दुसऱ्या सभागृहात असेन. इथला साचा नवीन मुलीला तीन दिवस सांगून दिला. बाल्कनीचा कोपरा, तिसरी विंग, सगळं वहीत होतं तसं. त्यात एक खोड सांगायची राहिली होती, ती तुम्हाला सांगतो.

शंभर नंबरचा बदली अपडेटमध्ये गेला नव्हता. मी पुसला होता. तांबड्या धाग्याचा पेनड्राइव्हही मीच कोरा केला. डबा जुना राहिला ती चूकही माझीच. तुम्ही जागेवर नव्हता असं लिहिलेल्या कागदावर माझी सही आहे. तुम्हाला हे माहीत होतं असं मला वाटतं. पण तुम्ही माझे ओठ बघून ओळखलं असेल, तर ते मी सांगितलं असं होत नाही.

फळ्यांखालच्या दोन वायरी अजून चांगल्या आहेत. मी टोकं नव्याने सांधली. शंभर नंबरला पुन्हा बदली केला आहे, नावही तेच ठेवलं आहे. काल डब्याची वीज बंद करून चालवून पाहिला. चारशे अठरा ते चारशे एकवीस म्हटलं, मागच्या रांगेपर्यंत गेलं.

मुलगी हुशार आहे. यादी बघत शेवटपर्यंत आली आणि म्हणाली, "सर, हे बदली काय आहे? कोणाची बदली?"

आबा, तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

आपला